खंडेनवमीला उतरवलेला भावाचा बोर्ड

माझ्या उभ्या आयुष्यात मी एकदाही पेट्रोलचा भाव वाढवलेला नाही. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण मलकपेठ ते दिलसुखनगर या पट्ट्यातल्या निम्म्याअधिक लोकांचा आजही यावर विश्वास नाही. निवृत्त होऊन मला बरीच वर्षं झाली. तरी परवा भाजी घेताना एका गृहस्थांनी मला ओळखलं आणि कोथिंबिरीची जुडी हातात धरून माझ्याकडे रोखून पाहत म्हणाले, "क्या मुखेडकरसाब, आपके टाइम से जो चढ़ना शुरू हुआ, रुकाच नहीं." जणू मी जाताना नळ उघडा ठेवून गेलो होतो. मी नेहमीप्रमाणे माफी मागितली आणि मेथी घेऊन घरी आलो.

आम्ही मूळचे मुखेडकडचे, म्हणजे जुन्या हैदराबाद राज्यातले. वडील कारकुनीसाठी हैदराबादेत आले आणि इथेच राहिले. घरात मराठी, शेजारी तेलुगू आणि रस्त्यावर दखनी अशा तीन भाषांत आमची भांडणं होत आली आहेत. मी बी.कॉम. झालो आणि मलकपेठेतल्या एका पेट्रोल बंकवर मॅनेजर म्हणून चिकटलो. पुण्यामुंबईकडे ज्याला पंप म्हणतात त्याला इकडे बंक म्हणतात. मालक सत्यनारायण गारू, म्हणजे आपल्याकडचे सत्यनारायणराव, अतिशय सज्जन माणूस, पण ते आठवड्यातून एकदा, तेही सकाळी लवकर यायचे. बाकीच्या वेळी बोलणी खायला मी होतो.

त्या दिवसांत सरकारने सगळा बाजार खुला केला होता. ज्यांच्या घरात एका सायकलवरून भावाभावांत जुंपायची त्यांच्या दारात स्कूटर आली, आणि स्कूटरवाल्यांच्या दारात छोटी मोटार. सगळं खुलं झालं, पेट्रोलचा भाव तेवढा अजून दिल्लीत बसून ठरत होता. तो कधी बदलेल याचा काही नेम नसे. संध्याकाळच्या बातम्यांत सांगायचे आणि त्याच रात्री बारापासून तो लागू व्हायचा. या बातम्या मी घरी जेवताना पाहत असे. म्हणजे गिऱ्हाइकाला ज्या मिनिटाला कळायचं त्याच मिनिटाला मला कळायचं, आणि घास दोघांच्याही घशात एकाच वेळी अडकायचा.

पण हे कोणाला पटणार? भाव वाढला की दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या खोलीसमोर सुनावणी सुरू व्हायची. बेगम बाजारातले एक जिऱ्याचे व्यापारी आमच्याकडे मोटार भरायला यायचे. ते पेट्रोलचाही भाव करायचे. "मुखेडकरजी, रोजका गाहक हूँ. थोडा देख के लगाओ." मी म्हणायचो, शेठजी, भाव बोर्डावर लिहिलाय. ते म्हणायचे, बोर्डावर तर आम्हीपण लिहितो. एकदा तर त्यांनी अख्खा टँकर घेतला तर काय सूट द्याल असं विचारलं, आणि ठेवणार कुठे म्हटल्यावर गोदामात मिरचीच्या पोत्यांमागे जागा आहे म्हणाले. अजून मला कधीकधी त्या गोदामाचं स्वप्न पडतं.

दुसरे रामुलू मास्तर. निवृत्त हेडमास्तर, तेलुगू, पांढराशुभ्र शर्ट, स्कूटरला अर्धा लिटर पेट्रोल घालतानाही मशीनचा शून्य आकडा चष्मा काढून आणि चष्मा लावून असा दोनदा पाहणारे. भाव वाढल्याच्या सकाळी ते हमखास यायचे आणि मला एकच प्रश्न विचारायचे. "मॅनेजर गारू, टाकीतलं पेट्रोल कालचं आहे ना? मग भाव आजचा कसा?" प्रश्न बिनतोड होता. मी त्यांना सांगायचो की नियमच तसा आहे. भाव उतरला तर कालचं महाग पेट्रोल आम्हाला आजच्या स्वस्त भावाने द्यावं लागतं. "उतरला कधी?" मास्तर विचारायचे. मग मी त्यांना मशीनचा शून्य आकडा दाखवायचो.

लोकांची अशी ठाम समजूत होती की भाव वाढणार हे मॅनेजरला आधी कळतं, आणि तो लबाड आपल्याला सांगत नाही. त्यामुळे ते माझ्यावर नजर ठेवून असत. मी फोनवर जरा जास्त बोललो की वाढणार. एका दिवसात दोन टँकर आले की वाढणार. एकदा मी भाचीच्या साखरपुड्याला जायचं म्हणून दुपारीच इस्त्रीचे कपडे घालून बसलो होतो, तर संध्याकाळपर्यंत चादरघाटकडून स्कूटरी यायला लागल्या.

आता खरं सांगायचं तर यात माझीही थोडी लबाडी होती. मला काही माहीत नसायचं, पण "मला माहीत नाही" हे मी कधी म्हटलं नाही. कोणी विचारलं की मी आधी हसायचो. मग लांब कुठेतरी बघायचो. मग म्हणायचो, "या आठवड्यात तर वाटत नाही." सकाळच्या पेपरात वाचलेलं अरबस्तानाचं काहीतरी त्याला जोडून द्यायचो. दहातले पाच अंदाज खरे ठरायचे, आणि लोक नेमके तेच पाच लक्षात ठेवायचे. घरी मला कोणी काही विचारत नसे. बंकवर मात्र मोठमोठे लोक मोटारीची काच खाली करून माझं मत घ्यायचे. हे मला आवडायचं. फार आवडायचं.

मला रोज न चुकता विचारणारा माणूस म्हणजे खाजामियाँ. चंचलगुड्यात राहायचा, पंधरा वर्षं ऑटो चालवत होता. उंच, किडकिडीत, दाढीला मेंदी लावलेली. ऑटोवाल्यांना भाववाढीचा सगळ्यात जास्त चटका बसायचा, कारण पेट्रोल रातोरात वाढायचं आणि मीटरचे दर वाढायला महिनोन् महिने लागायचे. मधल्या काळात वाढीव भाव मागितला की प्रवासी ऑटोतून उतरून भांडायचे. तरी हा माणूस कधी चिडून बोलला नाही. सकाळी यायचा, ऑटो मशीनला लावायचा आणि विचारायचा, "क्या साब, बढ़ने वाला है क्या?" मी हसायचो, लांब बघायचो आणि त्याला सविस्तर सांगायचो. तो मान हलवत शेवटपर्यंत ऐकायचा. असा श्रोता मला पुन्हा मिळाला नाही.

आता त्या खंडेनवमीचं सांगतो.

खंडेनवमीला आम्ही मशिनी धुऊन पुसून त्यांची पूजा करायचो. आमच्याकडे दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारांची, यंत्रांची पूजा असते आणि त्या दिवशी शक्यतो कोणी आपल्या हत्याराला कामाला लावत नाही. बंकला ही चैन परवडत नाही, म्हणून आम्ही सकाळी दोन तास मशिनी बंद ठेवून, हळदकुंकू, झेंडू, लिंबू असं यथासांग करून पुन्हा चालू करायचो. त्या वर्षी मला वाटलं, भावाचा बोर्ड फार कळकट दिसतोय. वेळोवेळी जुना आकडा खरवडून नवा आकडा काढून काढून पत्र्याला पोपडे आले होते. सण आहे, तोही रंगवून घेऊ. मी पेंटरला बोलावलं. तो सकाळी सातला आला, त्याने बोर्ड उतरवला, जुना आकडा घासून साफ केला, पांढऱ्या रंगाचा एक हात मारला आणि "वाळू दे, मी आलो" म्हणून गेला.

तो आलाच नाही. दहा वाजता यादगिरीला त्याच्या घरी पाठवलं. यादगिरी म्हणजे आमचा पेट्रोल भरणारा माणूस, बंकवर माझ्याही आधीपासून असलेला. तो परत येऊन म्हणाला, "सार, पेंटर पूजा करके बैठा है. बोलता, ब्रशां पे कुंकू लग गया, आज हात नहीं लगाता."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी माझ्या हत्यारांची पूजा केली, पण पेंटरलाही हत्यारं असतात हे विसरलो. आणि त्याचं चुकत नव्हतं. देवापुढे मांडलेला ब्रश उचल असं मी तरी कोणत्या तोंडाने सांगणार?

म्हणजे आता चित्र असं झालं. बंक झेंडूच्या माळांनी सजलेला. मशिनी चकचकीत. आणि कमानीवर जिथे भावाचा बोर्ड असतो तिथे नुसते दोन खिळे. मी घाईघाईने घरातली मुलाची जुनी पाटी मागवली, तिच्यावर खडूने चालू भाव लिहिला आणि ती मशीनला टेकवून ठेवली. यानेच घात झाला. पहिल्याच गिऱ्हाइकाने पाटी पाहिली आणि मागच्याला म्हणाला, "खडू से लिखा है. रात को मिटाने वाले हैं."

दुपारी बारापर्यंत रांग फाटकाबाहेर गेली. तीन वाजेपर्यंत ती रेसकोर्सच्या भिंतीला लागली. मी रांगेत फिरून प्रत्येकाला सांगत होतो की बोर्ड फक्त रंगवायला उतरवलाय, भाववाढीचा काही संबंध नाही. जितकं सांगावं तितकी रांग वाढायची. "इत्ता बोल रहे, मतलब पक्का है," असं एक जण माझ्यादेखत म्हणाला. रामुलू मास्तर स्कूटर घेऊन आले, पाऊण तास उभे राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी टाकी काठोकाठ भरली. भरल्यावर स्कूटर दोन्ही हातांनी हलवली, आत जरा पोकळी झाली असेल म्हणून, आणि वर आणखी पाव लिटर घातलं.

साडेचारला खाजामियाँ आला. रांगेच्या शेवटी ऑटो उभा करून चालत माझ्यापर्यंत आला आणि नेहमीचा प्रश्न विचारला. त्या दिवशी मी खूपच कावलो होतो. हसलो नाही, लांब बघितलं नाही. म्हटलं, "कुछ नहीं बढ़ने वाला, खाजामियाँ. ये सब लोगां पागल हो गए. तुम घर जाओ, सवेरे आराम से आओ."

"सवेरे जरा काम है साब," तो म्हणाला. "सलीम जा रहा है."

सलीम हा त्याचा मोठा मुलगा. वेल्डिंग शिकलेला. त्याला जेद्दाला काम मिळालं होतं आणि दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, साडेअकराच्या गाडीने नामपल्लीहून तो मुंबईला निघणार होता, तिथून विमानाने पुढे. निदान तीन वर्षं तरी परत येणार नव्हता. खाजामियाँ त्याला स्टेशनवर आपल्या ऑटोतून सोडणार होता. ऑटो धुऊन ठेवला होता, आतल्या सीटला नवं रेक्झिन लावलं होतं. "रिजर्व पे है साब," तो म्हणाला. "लाइन में खड़ा रहूँ क्या? वैसे आज शाम को घर पे दावत है, रिश्तेदारां आए सो हैं."

मी रांगेकडे पाहिलं. किमान दीड तास. माझ्या मनात त्याचं भलंच होतं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "दावत को जाओ. सवेरे आठ बजे आओ, मैं खुद भर के देता. पेट्रोल कहाँ भाग रहा है?"

तो गेला. त्या दिवशी माझं ऐकणारा तो एकटाच.

साडेसहाला यादगिरी धावत आला. मशीन नुसती हवा ओढत होती. जमिनीखालची टाकी संपली होती. इथे थोडं समजावून सांगतो. टाकी संपली म्हणजे पूर्ण कोरडी होत नाही. तळाशी चार बोटं पेट्रोल राहतं, कारण ओढणारा पाइप तळाला टेकवलेला नसतो. तळाशी गाळ असतो, पाणी उतरलेलं असतं. ते पेट्रोल कोणाच्या गाडीत घालायचं नसतं. मी "स्टॉक नाही" अशी पाटी लावली आणि एकच गलका झाला. कारण भाव वाढायच्या आदल्या संध्याकाळी काही बंकवाले पेट्रोल असूनही अशीच पाटी लावतात आणि सकाळी वाढीव भावाने विकतात, हे शहरातल्या शेंबड्या पोराला माहीत होतं.

"छुपा के रखे!" "दिखाओ टाकी!" असा आरडाओरडा सुरू झाला. त्यात मास्तरही होते. त्यांची टाकी भरली होती, तरी ते न्यायासाठी थांबले होते.

शेवटी मी माप घ्यायची काठी आणली. ही पितळेची खुणा केलेली लांब काठी असते. रोज सकाळी ती टाकीत उभी सोडून आत किती माल आहे ते पाहतात. तिला एक पेस्ट लावतात, पेट्रोल लागेल तिथवर तिचा रंग बदलतो. मी झाकण उघडलं, काठीला पेस्ट लावली आणि ती मास्तरांच्या हातात दिली. म्हटलं, तुम्हीच टाका, तुम्हीच वाचा. मास्तरांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या, काठी सोडली, वर काढली, चष्मा काढून पाहिलं, चष्मा लावून पाहिलं. मग गर्दीकडे वळून वर्गात निकाल वाचतात त्या आवाजात म्हणाले, "लेदु. खरंच नाही." लोक चरफडत पांगले. मला तेव्हा आपण जिंकल्यासारखं वाटलं. खाजामियाँची आठवणसुद्धा झाली नाही, हे लिहितानाही मला लाज वाटते.

रात्रीच्या बातम्यांत पेट्रोलचं नावही नव्हतं. भाव तसूभरही वाढला नाही.

दसऱ्याच्या सकाळी मी बंकवर पोचलो तेव्हा आठाला पाच कमी होते आणि खाजामियाँ फाटकातून ऑटो ढकलत आत येत होता. इस्त्रीची शेरवानी, डोक्यावर नवी टोपी, आणि घामाने पाठ भिजलेली. रिझर्व्ह वाटेतच संपलं होतं.

मला पाहून तो हसला. "आठ बजे बोले थे ना साब."

मी त्याला सांगितलं. काय सांगितलं, कसं सांगितलं, ते आठवत नाही. टँकर दसऱ्याच्या सुट्टीमुळे उद्याच येणार होता. चादरघाटचा बंक, दिलसुखनगरचे दोन, सगळे कालच्या अफवेत साफ झाले होते. मी फोन करून पाहिलं. त्याच्या मोहल्ल्यातले ऑटोवाले सणाच्या भाड्यासाठी पहाटेच बाहेर पडले होते. माझ्या स्वतःच्या स्कूटरमध्ये बाटलीभर तरी निघेल म्हणून आम्ही ती आडवी केली, तर चहाच्या कपभरही निघालं नाही. भाव वाढणार नाही याची मला खात्री होती ना! मीच कशाला भरून ठेवू?

यादगिरी हळूच म्हणाला, टाकीच्या तळाचं काढू का? मी नको म्हटलं. त्या पाण्यामातीने ऑटो चादरघाटच्या पुलावर बंद पडला असता, मधोमध, सलीमसकट.

"दुसरा ऑटो करा खाजामियाँ," मी म्हणालो. "गाडी चुकायला नको."

त्याने सीटच्या नव्या रेक्झिनवरून हात फिरवला. मग म्हणाला, "पंद्रा साल से लोगां के बच्चों को टेसन छोड़ रहा हूँ साब. दुबई वाले, सौदी वाले, सब के बच्चे. मेरे बच्चे को दूसरा कोई छोड़ेगा तो कैसा?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी निभावून नेलं असतं, मला रागाची सवय होती. मी त्याला बाकावर बसवलं, अर्धा तास थांबा म्हटलं आणि घराकडे निघालो. शेजारच्या इमारतीत पुण्याहून आलेलं एक कॉम्प्युटरवालं जोडपं राहायचं, त्यांच्या मोटारीतून दोन लिटर मागावं असा विचार होता. त्यांच्या दाराला कुलूप. सुट्टी धरून श्रीशैलमला गेले होते, भरलेल्या टाकीसह.

घरी बायको श्रीखंडाचा चक्का फेटत होती. मी खुर्चीत बसलो आणि तिला सगळं सांगितलं. सुमन परभणीकडची, बोलायला फटकळ. हात न थांबवता म्हणाली, "उगं तोंड पाडून बसू नका. गॅलरीत गोणपाटाखाली पाच लिटरचा डबा आहे, तो न्या."

"कसला डबा?"

"पेट्रोलचा. आन कशाचा?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. बंकवर मी स्वतः पाटी लावली होती, डब्यात पेट्रोल मिळणार नाही म्हणून. मॅनेजरच्या बायकोला डबा कोणी भरून दिला?

"काल यादगिरी तुमचा जेवणाचा डबा न्यायला आला ना, त्याच्याच हातात दिला. सगळं मलकपेठ पेट्रोल भरायलंय, आन आपल्या स्कूटरीत थेंब नाही. म्हटलं भाव वाढला तर दिवाळीपर्यंत तरी पुरंल."

"अगं पण मी तुला काल सकाळीच सांगितलं होतं ना, काही वाढणार नाही म्हणून?"

"तुम्ही रोजच सांगता," ती म्हणाली. आता मात्र चक्का फेटायची थांबली. "तुमचं खरं धरून चालणारा काल एकच माणूस निघाला, आन त्याचीच गाडी बंद पडली. जा लवकर."

असं आहे. माझ्या बायकोचा माझ्यावर काडीचा विश्वास नव्हता म्हणून त्या दिवशी माझी अब्रू राहिली. मी डबा घेऊन पळत सुटलो. दसऱ्याच्या सकाळी, नवा सदरा घालून, पेट्रोलचा डबा छातीशी धरून पळणारा मॅनेजर पाहून लोकांनी काय निष्कर्ष काढला असेल तो असो. दोन-तीन स्कूटरी माझ्या मागे मागे बंकपर्यंत आल्या एवढं मात्र खरं.

यादगिरीने डबा ओळखला आणि मान खाली घातली. "अम्मा बोले तो मैं नक्को कैसा बोलूँ सार," तो पुटपुटला. मी त्याला तेव्हा काही बोललो नाही, नंतरही बोललो नाही. ऑटोच्या इंजिनाला नुसतं पेट्रोल चालत नाही, त्यात ऑइल मिसळावं लागतं. ते मी स्वतः मापून घातलं, डबा हलवला आणि गाळणीतून शेवटच्या थेंबापर्यंत टाकीत ओतलं. तिसऱ्या झटक्याला इंजिन लागलं. खाजामियाँने टोपी सारखी केली आणि माझ्याकडे न बघता सुसाट गेला.

तासाभराने तो ऑटो बंकसमोरून नामपल्लीकडे जाताना दिसला. मागे सलीम आणि त्याची अम्मी, टपावर बांधलेली सूटकेस, सलीमच्या गळ्यात गुलाबाचा हार. सलीमने बाहेर डोकावून मला सलाम केला. खाजामियाँ ताठ बसून पुढे बघत चालवत होता.

दुपारी दोनच्या सुमारास तो परत आला, एकटा. बीबीला घरी सोडून आला होता. बंकवर पेट्रोल नव्हतं, त्याला काही घ्यायचंही नव्हतं. सकाळपासून मास्तरांसकट बरेच जण येऊन भाव का वाढला नाही म्हणून माझ्याशी भांडून गेले होते. आम्ही उगाच उन्हात उभे राहिलो, ही शुद्ध फसवणूक आहे, असं मास्तरांचं म्हणणं होतं. ते सगळे गेल्यावर आता सामसूम होती. खाजामियाँने ऑटो सावलीत लावला आणि माझ्या शेजारी बाकावर येऊन बसला.

"गाडी मिळाली?" मी विचारलं.

"मिली साब. पूरे रस्ते बोलतारा था, अब्बा, आहिस्ता चलाओ. मैं बोला, रे, गाडी छूट जाएगी. बोला, नहीं छूटती अब्बा, आहिस्ता चलाओ." त्याने रुमालाने डोळे पुसले आणि रुमाल घडी करून खिशात ठेवला. थोड्या वेळाने, सवयीने विचारावं तसं त्याने विचारलं, "तो साब, बढ़ने वाला है क्या?"

मला हसता आलं नाही. "खाजामियाँ, सच बोलूँ? मेरेकु नहीं मालूम. मेरेकु कभीच नहीं मालूम था."

"वो तो मालूम है साब," तो म्हणाला. "पहले दिन से मालूम."

"फिर रोज कायकू पूछते थे?"

"आप इत्ते शौक से बताते थे. मैं बोला, पूछने में अपना क्या जाता?"

आम्ही दोघंही हसलो. खूप हसलो. हसता हसता मी त्याला वेड्यात काढत म्हटलं, "तो कल मेरी बात सुनके वापस कायकू गए, हौला?"

त्याचं हसू हळूहळू कमी झालं. "कल मैं भाव का नहीं सुना साब," तो म्हणाला. "आप बोले, सवेरे आओ, पेट्रोल मिलेगा. वो सुना. भाव तो दिल्ली वालों का है. पेट्रोल आपका है ना?"

तक्रार म्हणून तो हे बोलला नाही. रस्ता सांगावा तितक्या सरळपणे बोलला. मी त्याचा हात हातात घेतला आणि त्याची माफी मागितली. नोकरीत मी लोकांची हजारदा माफी मागितली असेल, पण ती सगळी दिल्लीच्या वतीने. एवढी एक माझी स्वतःची होती.